कोंबडीचा पाय, मंगळ आणि एक उंट

वंदना मंगळावर काम करते, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. नेमकं काय काम करते हे मात्र कुणालाच धड माहीत नाही. त्यातला निम्मा घोळ माझा आहे, म्हणून हे मीच लिहिलेलं बरं.

मी पारस. स्टँडसमोर आमचं कापडाचं दुकान. आजोबा गिरधारीलाल राजस्थानातून गाठोडं घेऊन घनसावंगीच्या बाजारात आले आणि तिथून आठ किलोमीटरवरच्या या गावात थांबले, ते थांबलेच. रखमाजीकाकांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. वंदना त्यांची मुलगी. मी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, तरी तेराचा पाढा मला भिंतीपलीकडून तिच्याच तोंडून पाठ झाला.

आता तिचं वय चाळीस. चष्मा जाड, चाल जल्दी, बोलणं कमी. गुजरातेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत ती ग्रहांचा अभ्यास करते. लग्न केलं नाही. त्यामुळे दुकानात साड्या बघता बघता बायका हळूच विचारतात, "पारसशेठ, वंदनाच्या पत्रिकेत मंगळ हाये का हो?"

मी म्हणतो, "पत्रिकेत न्हाई. पगारपत्रकात हाये."

हा विनोद मी पंधरा वर्षं करतोय. त्याचा परिणाम असा झाला की ती दिवाळीला घरी आली की दारात चार-पाच माणसं पत्रिका घेऊन उभी असतात. पोराची नोकरी, पोरीचं जमत नाही, साडेसाती कधी उतरते. ती सगळ्यांना चहा पाजते आणि सांगते, "मला त्यातलं काही कळत न्हाई." माणसं चहा पिऊन जाताना म्हणतात, "लई मोठी झाली, पण सांगत न्हाई."

तिचं सगळं सुरू झालं ते गावाच्या पाझर तलावात. तलाव म्हणजे फार काही नाही. पावसाळ्यात पाणी, एप्रिलात चिखल, मे महिन्यात नुसती काळी, भेगा पडून उललेली जमीन. १९९८ साली वंदना आठवीत होती. चित्रकलेच्या परीक्षेला बसायचं होतं आणि सरांनी सांगितलं, सुट्टीत निसर्गातलं काहीतरी काढून आणा. पोरींनी जास्वंद काढली, पोरांनी पोपट. ही बाई आईचा रांगोळीचा डबा घेऊन तलावात उतरली आणि भेगांमध्ये रांगोळी भरत बसली. भेगा उठून दिसाव्यात म्हणून. डबा रिकामा झाल्यावर तिच्या आईनं, नंदाकाकूंनी, तिला दोन लावल्या, त्या भिंतीतून मला ऐकू आल्या.

दुसऱ्या दिवशी रखमाजीकाका बघायला गेले की पोरीनं नेमकं काय केलं. मीही गेलो, कारण दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काका कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग काठीनं दाखवायला लागले.

"ह्या नव्या भेगा बघ. सरळ जाऊन जुनीला धडकत्यात. रस्त्याला फाटा फुटावा तशा. आन ही जुनी. दर साली हितंच उलती. तिचा बघ, कोंबडीचा पाय झालाय."

खरंच होतं. नवी भेग जुनीला काटकोनात मिळत होती. जुन्या भेगा जिथं मिळत, तिथं तिन्ही बोटं सारखी फाकलेली. ओल्या अंगणातून कोंबडी चालत गेल्यासारखी.

"कामून होतं असं, आबा?"

"ते मला काय ठावं? मातीला इचार."

काका बोलून मोकळे झाले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. पोरगी पुढं सत्तावीस वर्षं मातीला विचारत बसली.

त्याच सुट्टीत तिनं सांडव्याच्या बाजूला नव्या गाळाचा, सगळ्या नव्याच भेगांचा, पंधरा हात लांब, पंधरा हात रुंद तुकडा निवडला. चार कोपऱ्यांना लोखंडी सळया ठोकल्या. सुतळी बांधून हात-हाताचे चौकोन पाडले आणि एकेका चौकोनातल्या भेगा चौकटीच्या वहीत उतरवल्या. दर मे महिन्यात तोच तुकडा, नवी वही. चित्रकलेच्या परीक्षेत तिला खालची श्रेणी मिळाली. सरांनी विचारलं होतं म्हणे, "ही काय फरशी आहे का?"

बारावीनंतर अंबडच्या कॉलेजात विज्ञान. रोज काळी-पिवळी जीपच्या मागच्या दाराला लटकलेल्या पोरांना "सरका" म्हणत आत घुसायची. मग औरंगाबादला भूगर्भशास्त्र. आता त्या गावाचं नाव बदललं, पण ती शिकली ते औरंगाबादला. तिथून गुजरात. पाहुणे विचारायचे, "पोरगी काय करती?" नंदाकाकू म्हणायच्या, "दगड शिकती." पुढं मंगळ आला तेव्हा काकूंना हायसं वाटलं. मंगळ निदान वारांमध्ये तरी आहे.

या सगळ्यात मे महिन्याची वही चुकली नाही. फक्त दोनदा ती येऊ शकली नाही, कारण दोन वर्षं जर्मनीत होती. पहिल्या वर्षी, म्हणजे २०१२च्या मे महिन्यात, वही रखमाजीकाकांनी भरली. डोक्याला टॉवेल बांधून, सुतळी धरून, चार दिवस. काकांचा हात नांगराचा, पण रेघ बराबर. दुसऱ्या वर्षी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वंदनाचा मला फोन आला.

"पारसभाऊ, एवढं काम करता का? काही अवघड न्हाई. जसं दिसतं तसं काढायचं."

"बिलकुल," मी म्हणालो.

आता खरं सांगतो. मी गेलो नाही. आदला पावसाळा सगळा कोरडा गेला होता, ऊन असं की दुकानाच्या शटरला हात लावता येत नव्हता. तलावात पाण्याचा टिपूस आला नव्हता. म्हटलं, काय बदलणार? गल्ल्यावर बसून, पंख्याखाली, काकांची आदल्या वर्षीची वही समोर ठेवून मी जशीच्या तशी उतरवली. शेवटच्या पानावर हात मोकळा करायला एक उंट काढला. तलावाचं वाळवंट झालं होतं आणि आम्ही मूळचे त्या बाजूचे, म्हणून. उंट चांगला जमला होता. वंदनानं फोनवर विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "पाहणीला आल्ता." ती हसली. विषय संपला. नक्कल केल्याचं मी कुणाला सांगितलं नाही.

आता तिची चित्रं. वही लहान पडायला लागली तेव्हा तिनं दुसरा प्रकार काढला. माझ्या दुकानातून मांजरपाटाचा तागा घ्यायचा. भेगांमध्ये गावच्या जुन्या गढीची पांढरी माती चाळून भरायची. वरून ओलं कापड अंथरून तळहातानं थोपटत जायचं. कापड उचललं की काळ्या ढगाळ डागांवर पांढऱ्या भेगांचं जाळं, जितकं जमिनीवर तितकं कापडावर. गावात त्याला "मंगळाचं धोतर" हे नाव कुणी दिलं ते सांगायची गरज नाही.

ही धोतरं पुण्यात, अहमदाबादला प्रदर्शनात लागली. अहमदाबादला मी गेलो होतो. थंडगार हॉल, एकेका कापडावर वेगळा दिवा, माणसं हात मागं बांधून उभी. एक बाई मैत्रिणीला म्हणाली, "या कोपऱ्यात किती एकटेपण आहे." मी पुढं होऊन बघितलं. आमच्या गावच्या रामरावच्या म्हशीच्या खुराचा ठसा होता. मी तसं सांगितलंही. वंदनानं मला जेवायला बाहेर पाठवून दिलं.

तिकडं तिच्या प्रयोगशाळेतले लोक म्हणत, कापडाचा छंद छान आहे. चित्रवाले म्हणत, विज्ञानामुळे कामाला वजन येतं. मी एकदा विचारलं, "तू नक्की कोणाकडची?"

"मला त्यात दोन कामं दिसतच न्हाईत, भाऊ. नीट बघायचं, आन दिसलं तेवढंच उतरवायचं."

मला उंट आठवला. मी पाणी प्यायलो.

मग मंगळावरचे फोटो आले. तिथं फिरणाऱ्या यंत्राच्या गाडीनं वाळलेल्या जुन्या चिखलाचे फोटो पाठवले, आणि त्यात भेगांचे सांधे फाट्यासारखे नव्हते. कोंबडीचे पाय होते. वंदनानं मला मोबाईलवर दाखवलं. मी म्हणालो, "हा आपला तलाव."

"तेच तर."

तिनं समजावलं ते असं. चिखल एकदाच वाळला तर फाटे. तोच चिखल पुन्हापुन्हा भिजला, पुन्हापुन्हा वाळला, तर सांधा सरकत सरकत कोंबडीचा पाय होतो. म्हणजे मंगळावर तिथं पाणी एकदा येऊन गेलं नाही; येत-जात राहिलं. पण किती वेळा? फाट्याचा पाय व्हायला खऱ्या जमिनीवर किती पावसाळे लागतात? हे कुणी वर्षानुवर्षं एका जागी बसून मोजलेलं तिला कुठं सापडेना. आणि तिच्या कपाटात सत्तावीस वह्या.

तिनं मोठा लेख लिहून बाहेरदेशच्या नियतकालिकाकडे पाठवला. २०२५च्या जानेवारीत तो परत आला. वंदना गावी आली, दुकानात स्टुलावर बसली आणि तिनं मला मराठी करून ऐकवलं. तपासणाऱ्या जाणकारानं लिहिलं होतं: कल्पना चांगली आहे. पण पुरावा म्हणजे हातानं काढलेली चित्रं. सुरुवातीच्या वह्या शाळकरी मुलीच्या. एका वर्षीचं पान आदल्या वर्षाची हुबेहूब नक्कल वाटतं. आणि त्याच वहीत एक प्राणी आहे, तो बहुधा उंट असावा. अशा वह्यांवर विश्वास कसा ठेवायचा? ती जागा अजून असेल तर जागेवरचा पुरावा द्या.

"जागा हाये ना," मी घाईनं म्हणालो.

"हाये. तेवढीच हाये आता. मे महिन्यात दोन साथीदार आन यंत्रं घेऊन येते. तुकडा जसाच्या तसा पाहिजे. तो गेला तर सत्तावीस वर्षांची नुसती चित्रं राहतील."

नकलेबद्दल तिनं विचारलं नाही. त्या साली पाऊसच नव्हता, म्हणून पान सारखं येणारच, असं तिनं स्वतःच धरलं होतं. मी ताग्यांच्या घड्या घालत राहिलो.

एप्रिलात ग्रामसभेत ठरलं की यंदा तलावातला गाळ काढायचा. गाळ म्हणजे शेताला सोनं. ज्यानं-त्यानं ट्रॅक्टर लावायचा आणि आपल्या रानात नेऊन पसरायचा. यादीत रखमाजीकाकांचंही नाव होतं. वंदनाचा लगेच फोन.

"भाऊ, तुकड्यावर एक पाटी लावा जल्दी. लिहा, 'ग्रहांच्या अभ्यासाची जागा. कृपया खोदू नये, तुडवू नये.' मी मेच्या दहा तारखेला पोचते."

मी विचार केला. आमच्या गावात 'येथे कचरा टाकू नये' या पाटीखालीच उकिरडा आहे. 'कृपया'ला कोण विचारतो? पेंटर समोर बसला होता. म्हटलं, लिही: "सावधान. ग्रहाची जागा. खोदल्यास परिणामास स्वतः जबाबदार." त्यानं वरून कवटी काढू का विचारलं, ती मी नको म्हणालो. तेवढं तारतम्य मला आहे.

पाटी लागली आणि खोदणं थांबलं. जेसीबी चालवणारा अंगद तुकड्याला दहा हात वळसा घालून जायला लागला. मी खूश. चौथ्या दिवशी दुकानात चर्चा ऐकली. ग्रह तर आहे, पण कोणता? माती काळी. चार कोपऱ्यांना लोखंड. आणखी काय पाहिजे? शनीच.

शनिवारी दहा माणसं गेली. पुढच्या शनिवारी शेजारच्या दोन गावांचीही आली. रुईच्या माळा, काळे उडीद, नारळ. आणि तेल. तेल ओतायला मूर्ती नव्हती, म्हणून भेगांमध्ये ओतलं. एक बाटली संपली तरी भेग भरेना, तेव्हा देव पितोय म्हणून लोकांनी आणखी ओतलं.

हे मला कळलं तेव्हा मी पाटी उपटायला गेलो. तिथल्या म्हाताऱ्यांनी मला उपटू दिली नाही. "पारसशेठ, तुमच्या जैनांत चालत नसंल, आमच्यात हात लावू नका."

दहा तारखेला वंदना साथीदारांसह थेट तलावावर उतरली. मी बांधावर उभा होतो. ती तुकड्याच्या कडेला गेली, चप्पल काढली, कारण तिथं जायचं तर ती नेहमीच काढायची, आणि उभी राहिली. भेगांच्या कडा पायांनी ढासळलेल्या. पाच-सहा हात जागा तेलानं चकचकीत. एका सुरेख कोंबडीच्या पायात नारळाची करवंटी अडकलेली. तिनं ती काढली, बाजूला ठेवली, आणि पाटी वाचली. दोनदा वाचली.

"पारसभाऊ, हे तुमचंच अक्षर हाये."

"पेंटरचं."

"शब्द तुमचे हायेत."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बसली. साथीदार यंत्रांच्या पेट्या हातात धरून उभे.

रखमाजीकाका काठी टेकत आले. वय अठ्ठ्याहत्तर, पण तलावापर्यंत रोज येतात. त्यांनी तेलात बोट बुडवलं, चोळलं.

"हे तेल किती खाली गेलं असंल? ईतभर. आन तुझी भेग काय ईतभरच हाये का?"

"म्हंजे?"

"हिर खंदताना बघितलं न्हाई का तू? बाजूला जुन्या भेगा दिसत्यात. बुजलेल्या. भुरकट रेती भरलेली असती, शिवण मारल्यावानी. दर साली गाळ येतो, जुनी भेग खाली गाडली जाती. वरचं नासलं तर खालचं बघ."

वंदना उठली. साथीदारांशी तिचं इंग्रजी-गुजरातीत भराभर बोलणं झालं. चार-चार बोटांचा थर वरून तासत जायचा. प्रत्येक थरावर बुजलेल्या भेगा कापडावर घ्यायच्या, वहीत उतरवायच्या आणि जुन्या वह्यांशी ताडायच्या. तासत गेलं की तुकडा उरणार नाही, पण पुरावा हाताशी येईल. त्यात हवामानखातं सांगत होतं, यंदा पाऊस मे महिन्यातच. हातात चार-पाच दिवस.

वरचा जाड थर काढायला जेसीबी लागणार. अंगदला बोलावलं. तो बांधावरूनच म्हणाला, "ताई, म्या न्हाई. मशीन मालकाचं हाये, पण पाठ माझी हाये. शनीच्या जागेत बकेट घालायला लावू नका."

एव्हाना तीस-चाळीस माणसं जमली होती. सरपंच चतुराबाईही आल्या. मी पुढं झालो.

"मंडळी, ऐका. इथं शनी-बिनी काही न्हाई. पाटी मी लावली. मी गंमत केली."

सगळे हसले. रामराव तर टाळ्या वाजवून हसला.

"खरंच सांगून राह्यलो!"

आणखी हसले. चतुराबाई पदर सावरत म्हणाल्या, "पारसशेठ, मागच्या साली तुम्ही सांगितलं व्हतं, स्टँडवर विमानाचं तिकीट मिळतंय. दोघं जण जाऊन आले. तुमचं खरं कोणतं आन खोटं कोणतं, हे तुमच्या मायलाबी कळत नसंल."

"मला कळतं," मागून आवाज आला. आमची आई लाडबाई. वय ऐंशीच्या घरात, हातात छत्री. ती कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आली होती. "खोटं बोलताना ह्याचे कान हालत न्हाईत. आज हालतायत. खरं बोलतोय."

माणसं माझे कान बघायला लागली. पण अंगद काही खाली उतरेना.

"मंग त्यांनाच खंदू द्या आधी," तो म्हणाला. "त्यांना काही झालं न्हाई तर मी हाये."

त्या दिवशी नेमका शनिवार. बारा वाजलेले. टिकाव माझ्या हातात दिला. मी पन्नास वर्षांचा, जन्मात मीटरपट्टीपेक्षा जड काही उचललं नाही. आणि आमच्यात माती खोदणं म्हणजे हिंसा. जमिनीतले जीव मरतात. मी आईकडे बघितलं. तिला मी विचारत होतो, हे सगळ्यांना कळलं.

आईनं छत्री मिटली. "पाप लागंल ते तुला लागंल. आन लागू दे. पोरीचं वाटोळं केलंस ते पाप मोठं हाये." मग थोडं थांबून, "पण बघून खोद. मुंग्या बाजूला कर आधी."

तर मी, पारस गिरधारीलाल वस्त्र भांडारवाला, भर उन्हात गुडघे टेकून रुमालानं मुंग्या बाजूला सारत होतो, आणि गाव बांधावर बसून शेंगदाणे खात होतं. मग टिकाव. पहिला घाव जमिनीत गेला नाही, उसळून माझ्याच नडगीला आला. "शनी! शनी!" असा कल्ला झाला.

"शनी न्हाई," रखमाजीकाका ओरडले. "धरता येईना त्याला!"

कोपऱ्यापासून मी जवळपास दोन तास खोदलं. एक हात लांब, अर्धा हात खोल. तळहाताला फोड आले, ते फुटले. मला काही झालं नाही, म्हणजे ग्रहाकडून काही झालं नाही. अंगद मशीनवर चढला. आणि माणूस काय कसबी! लोखंडी बकेटनं त्यानं तेलाचा थर असा उतरवला, जशी दुधावरची साय. खालच्या थरांना मग मशीन नाही, खुरपी. चतुराबाई स्वतः चार बायका घेऊन बसल्या. रांगोळीसाठी दोन थपडा खाल्लेली पोरगी त्यांना सांगत होती, "हळू, काकू, भुरकट रेघ दिसली की थांबा."

रेघा दिसल्या. शिवण मारल्यासारख्याच.

चार दिवस हेच. थर तासायचा, पांढरी माती, ओलं मांजरपाट, थोपटायचं, उचलायचं, वही. दुकानातले सहा तागे गेले. वर कोंबडीचे पाय, खाली जावं तसे कमी, दीड हातावर सगळे फाटेच फाटे. तिथं तिची पहिली वही ठेवून बघितली. आठवीतल्या पोरीनं सुतळी धरून काढलेला फाटा आणि मातीतली शिवण एकमेकांवर बसली. रखमाजीकाका म्हणाले, "बराबर हाये," आणि नाक पुसलं. उन्हाळ्यातली सर्दी.

सगळ्या वह्या मात्र जुळल्या नाहीत. काही सालांचे थर इतके पातळ की ओळखू येईनात. अकरा सालांच्या वह्या खात्रीनं जुळल्या. वंदना म्हणाली, अकरा पुष्कळ झाल्या.

पाचव्या दिवशी ढग आले. सामान आवरता आवरता ती माझ्याजवळ आली. खूप दिवसांनी हसत होती.

"भाऊ, तुमचा उंट खरा निघाला. बारा ते तेरा सालामध्ये गाळाचा थरच न्हाई. पाणी आलं न्हाई, म्हून भेगा सरकल्या न्हाईत. तुमचं पान आबांच्या पानासारखं आलं ते बराबरच हाये. आता मी त्या जाणकाराला लिहिते, हा बघा कोरड्या सालाचा पुरावा."

मी हो म्हणालो असतो तर कुणाला कळलं असतं? मातीनं माझी बाजू घेतली होती. फोड आलेले तळहात मी पँटला पुसले.

"वंदे, मी तळ्यावर गेलोच नव्हतो. दुकानात बसून नक्कल केली."

ती माझ्या कानांकडे बघायला लागली.

"बघू नको. हालतायत."

तिनं वही काढली, २०१३चं पान उघडलं, आणि पेननं एक आडवी रेघ मारली. शेजारी तारीख आणि सही.

"पण उत्तर बराबर हाये ना?" मी म्हणालो.

"हाये. पण तुम्ही बघितलं न्हाई."

लेख सव्वीस वह्यांचा झाला. एका सालासमोर लिहिलं, निरीक्षण नाही. या वर्षी तो छापून आला. त्यात शेवटी आभार मानलेत, रखमाजीकाकांचे पहिले, मग सरपंच, अंगद, आणि "मुंग्यांची काळजी घेणाऱ्या एका शेजाऱ्याचे". नाव नाही घातलं. मला ते बरोबर वाटलं.

तुकड्याची माती कुठं गेली विचाराल तर ती रखमाजीकाकांच्या कपाशीत आहे. सळया वंदनानं उपटून तलावाच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठोकल्या, जिथं गाळ काढून झालाय. यंदाच्या मे महिन्यात तिथली पहिली वही झाली. सगळे फाटेच आहेत. पाटी या वेळी तिनं स्वतः लिहिली, त्यावर फक्त तिचा फोन नंबर आहे. लोक त्यावर फोन करून साडेसाती कधी उतरते ते विचारतात.

आणि एक कापड तिनं माझ्या दुकानात टांगायला दिलंय. सगळ्यात खालच्या थराचं. उजव्या कोपऱ्यात, भेगांच्या शेवटी, पांढऱ्या मातीनं तिनं उंट काढलाय. माझ्यासारखाच, मान जरा आखूड. मी विचारलं, लेखातून काढला मग इथं कशाला घातला? म्हणाली, "इथं तो मी बघितलाय. गुडघे टेकून मुंग्या सारत होता."

गिऱ्हाइकं विचारतात, हे कापड किती मीटर हाये. मी सांगतो, विकायचं नाही, मंगळावरून आलंय. कुणी विश्वास ठेवत नाही.